जागतिक तापमानवाढ कमी करण्यासाठी सामान्य माणसाने रोज आणि सगळ्यांनी मिळून काय करावं?

मी सुरुवात ताटापासून करेन. जगात सुटणाऱ्या हरितगृह वायूंपैकी, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंपैकी, साधारण ८ ते १० टक्के वाया गेलेल्या अन्नाशी जोडलेले आहेत. ते कचराडेपोत दाबलं गेलं की हवेविना कुजतं आणि मिथेन सुटतो. २० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून लागेल तेवढंच शिजवा, आणि ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीतच करा. खत मात्र अधूनमधून खालीवर करायला हवं, हवा खेळती राहिली तर मिथेन जवळजवळ होत नाही.

दुसरं, एसी. त्यातला गॅस गळत असेल तर नुसता पुन्हा भरून घेऊ नका, आधी गळती शोधून बंद करायला सांगा. बऱ्याच एसींमधला आर-४१०ए हा गॅस १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट उष्णता धरून ठेवतो. हे फारसं कोणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एलईडी दिवे, जवळच्या अंतरासाठी सायकल, हे तर आहेच. पण एकट्याने बस वाढत नाहीत की छतावर सामायिक सौर पॅनल बसत नाहीत. त्यासाठी सोसायटीच्या सभेत विषय मांडा, नगरसेवकाकडे चारचौघांनी मिळून जा.