चित्रकलेचं शिक्षण न घेता कोणी मोठा अतिवास्तववादी (सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि नकळत मनात येणारं रंगवणारा) चित्रकार झाला आहे का? स्पेनमधलं उदाहरण सांगाल का?

हो. अशा वेळी बहुतेकांना साल्वादोर दाली आठवतो, पण कला अकादमीतून काढून टाकण्याआधी त्याने माद्रिदमध्ये काही वर्षं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तुम्हाला हवा असलेला माणूस म्हणजे ऑस्कर दोमिंगेझ. माझा तो फार आवडता चित्रकार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याचा जन्म 1906 सालचा, कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेवरच्या ला लागुना गावातला. बालपण ताकोरोन्ते भागात गेलं. तिथे ज्वालामुखीचा काळा दगड आहे, काळी वाळू आहे आणि छत्रीसारखे पसरलेले ड्रॅगन वृक्ष आहेत. वडील केळीचे बागायतदार. 1927 मध्ये त्यांनी मुलाला पॅरिसला पाठवलं ते केळीच्या व्यापाराकडे लक्ष द्यायला. पोरगा मात्र रात्री भटकण्यात आणि चित्रं पाहण्यात रमला. 1931 मध्ये वडील गेले, मागे कर्ज राहिलं, आणि पोटासाठी तो जाहिरातींची चित्रं काढू लागला. हात बसला तो असा, काम करता करता.

1934 मध्ये तो पॅरिसमधल्या अतिवास्तववाद्यांचे म्होरके, लेखक आंद्रे ब्रेतों यांच्या गटात आला. पुढच्याच वर्षी ब्रेतों आणि कवी बेंजामिन पेरे तेनेरिफेला गेले आणि सांता क्रूझमध्ये अतिवास्तववाद्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. बेटावरचं ‘गासेता दे आर्ते’ हे मासिक आणि पॅरिसचा गट यांच्यातला दुवा दोमिंगेझच होता.

आता त्याच्या खऱ्या देणगीकडे येतो. साधारण 1935-36 मध्ये त्याने ‘डीकॅल्कोमेनिया’ चित्रकलेत आणलं. चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी उमटवण्यासाठी ठशांची अशी पद्धत आधीपासून होती. त्याने त्यातून ठरवलेली नक्षीच काढून टाकली. गुळगुळीत कागदावर काळा गुआश रंग (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) कुठे दाट, कुठे पातळ फासायचा, वर दुसरा कागद ठेवून हलकेच दाबायचा आणि उचलायचा. कागद सुटताना रंग ओढला जातो आणि फांद्या, गुहा, प्रवाळ, दऱ्याखोरी असं काहीबाही उमटतं. आपल्याकडे शाळेत घडी केलेल्या कागदात शाईचा दोरा ओढतात, त्याच जातीचा आनंद! त्याच गटातल्या मार्सेल जाँ या चित्रकाराबरोबर त्याने यात सिंहाच्या आकाराच्या स्टेन्सिलही वापरल्या. मनात आधी काहीही न ठरवता चित्र कसं घडवायचं, या प्रश्नाशी तो गट किती वर्षं झुंजत होता. ब्रेतोंनी या तंत्राचं मनापासून स्वागत केलं. जर्मन अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्टने ते तैलरंगात नेलं; त्याचं ‘पावसानंतरचा युरोप’ हे 1940-42 मधलं चित्र पाहा, त्यातले झिजलेले, शेवाळलेले खडक याच युक्तीतून आलेत. अर्न्स्टचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, दोमिंगेझचं नसतं. मला हा अन्याय वाटतो.

त्याच्याबद्दल सांगितलं जातं ते वेगळंच. 1938 मध्ये एका भांडणात त्याने फेकलेला ग्लास व्हिक्टर ब्राउनरला लागला आणि त्या चित्रकाराचा डोळा गेला. ब्राउनरने 1931 मध्येच एक डोळा गेलेलं आत्मचित्र काढलं होतं, त्यामुळे या घटनेची दंतकथा झाली. दोमिंगेझच्या 1933 च्या आत्मचित्रातही मनगटाची शीर कापलेली आहे, आणि 31 डिसेंबर 1957 रोजी पॅरिसमध्ये त्याने त्याच रीतीने आयुष्य संपवलं. लोक याला भाकीत म्हणतात. मला ते पटत नाही. दारू, नैराश्य आणि हाडं वाढवत नेणारा अ‍ॅक्रोमेगाली हा आजार यांनी तो वर्षानुवर्षं पोखरला जात होता. त्या दुःखाला चमत्कार म्हटलं की माणूस दिसेनासा होतो.

महायुद्धात अमेरिकेला निघण्याच्या आशेने तो मार्सेय या फ्रेंच बंदरात इतर कलावंतांबरोबर अडकला होता; तिथे सगळ्यांनी मिळून पत्त्यांचा जोड काढला. पुढे तो जर्मनव्याप्त पॅरिसमध्येच परतला. त्यानंतरच्या कामावर पिकासोची छाया फार दाट आहे. काही चित्रं चांगली आहेत, पण माझं मन तिथे रमत नाही.

तुम्ही 1933 ते 1938 या काळातल्या चित्रांपासून सुरुवात करा. ‘ग्वांचांची गुहा’ आधी पाहा: ग्वांचे म्हणजे त्या बेटांचे मूळ रहिवासी. मग ‘इलेक्ट्रो-सेक्शुअल शिलाई मशीन’. माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात त्याचं काम आहे, आणि सांता क्रूझच्या तेनेरिफे एस्पासियो दे लास आर्तेस या कलाकेंद्रातही त्याचा मोठा संग्रह आहे.