सैन्यातला चॅप्लिन आणि निवडणुकीचं तिकीट: अमेरिकेला निघालेल्या एका पाळकसाहेबांना

पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

अहिल्यानगरची मंडळी (म्हणजे चर्च) सोडून अमेरिकेत यावं, इथल्या सैन्यात चॅप्लिन, म्हणजे सैन्याने नेमलेला धर्मगुरू, व्हावं आणि पुढे पाळकाचे राजकारणी झालेल्या डग कॉलिन्ससारखं निवडणुकीला उभं राहावं, हे जमेल का, असं तुम्ही विचारलंत. मी जॉर्जियात राहतो, इस्पितळात चॅप्लिनचं काम करतो, आणि कॉलिन्स आमच्याच राज्याचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जमू शकतं, पण तुम्ही धरलेल्या वर्षांत नाही.

आधी कागदपत्रं. पाळकांसाठी आर-१ व्हिसा असतो. इथली मंडळी तुम्हाला नेमते आणि तुमच्यासाठी अर्ज करते. त्याआधी किमान दोन वर्षं तुम्ही त्या पंथाचे सभासद असायला हवं. पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस महिने मिळतात, सगळे मिळून पाच वर्षं. तेवढ्यात धार्मिक सेवकांच्या गटातून ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा, आणि ती रांग अलीकडे फार लांबली आहे. ग्रीन कार्ड हातात आलं की साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व. पूर्णवेळ सैन्यात चॅप्लिन व्हायला नागरिकत्व लागतंच, शिवाय वयोमर्यादा आहे. तुम्ही बत्तीस वर्षांचे आहात, बाकीचा हिशेब तुम्हीच करा. ग्रीन कार्डावर साधा सैनिक म्हणून भरती होता येतं आणि सेवेत असताना नागरिकत्व लवकर मिळू शकतं. पण दीक्षित पाळकाने रायफल घेऊन कवायत करायची तयारी आहे का, हे घरी बोलून ठरवा.

शिक्षणाची अट: ७२ क्रेडिट तासांची पदव्युत्तर पदवी, त्यातले निम्मे तरी धर्मशास्त्राचे. तुमची सेरामपूरची बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) तिथे कितपत धरतात हे पदवी तपासणाऱ्या संस्थेकडून आत्ताच लेखी घ्या. इथे येऊन कळलं तर दोन-तीन वर्षं पुन्हा वर्गात बसावं लागेल.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पंथाचं शिफारसपत्र. अमेरिकी सैन्य कुणालाही आपणहून पाळक मानत नाही. सरकारदरबारी नोंदलेल्या पंथाने ‘हा आमचा माणूस’ असं लिहून द्यावं लागतं. पंथाने उद्या ते काढून घेतलं, तर चॅप्लिनचं पदही जातं. तुमच्या सी.एन.आय.चं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पत्र इथे चालणार नाही. तुमच्या नगरला १८३१ साली काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमागे जे अमेरिकन बोर्ड होतं, त्याचा वारसा आज युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टकडे आहे, आणि ती मंडळी चॅप्लिन पाठवते. ओळख काढायला ते दार बरं. पण ती फार उदारमतवादी आहे, समलिंगी विवाहाला उघड मान्यता देणारी. तुमच्या पत्रातला सूर पाहता तिथे तुमची घुसमट होईल असं मला वाटतं. मग बॅप्टिस्ट किंवा मेथडिस्ट पाहा, पण पत्रासाठी पंथ बदलू नका.

काम कसं असतं? चॅप्लिन अधिकारी असतो, पण शस्त्र हाती घेत नाही. शस्त्र त्याच्यासोबतच्या मदतनीस सैनिकाकडे. सैनिकाने विश्वासाने सांगितलेलं चॅप्लिन वरिष्ठांनाही सांगत नाही, म्हणून आत्महत्येचा विचार डोक्यात असलेलं पोरगं डॉक्टरआधी त्याच्याकडे येतं. आणि समोरचा यहुदी, मुसलमान, हिंदू किंवा काहीच न मानणारा असला तरी त्याची सोय पाहणं हे कर्तव्यच. सुवार्ता सांगायची संधी म्हणून कुणी जात असेल तर न गेलेलं बरं.

आता राजकारण. कॉलिन्स यांचा क्रम नीट पाहा. ऐंशीच्या दशकात नौदलात थोडी चॅप्लिनकी, गेन्सव्हिलच्या चिकोपी बॅप्टिस्ट चर्चमध्ये अकरा वर्षं पाळक, ९/११ नंतर हवाई दलाच्या राखीव तुकडीत. २००७ साली वकिलीची पदवी घेतली, त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळात गेले. आमदार असतानाच २००८ मध्ये इराकमधल्या बलाद तळावर जाऊन आले. २०१३ पासून आठ वर्षं काँग्रेसमध्ये. २०२० मध्ये सिनेटला हरले. त्याच मतपत्रिकेवर अटलांटाच्या एबेनेझर चर्चचे पाळक राफाएल वॉर्नॉकही होते आणि जागा शेवटी तेच घेऊन गेले. २०२५ पासून कॉलिन्स माजी सैनिकांच्या खात्याचे मंत्री आहेत. हे सगळं जमलं ते राखीव दलामुळे. पूर्णवेळ सेवेतल्या माणसाला पक्षाच्या तिकिटावर उभं राहता येत नाही, गणवेशात प्रचारसभेला जाता येत नाही.

हा नियम किती कडक असू शकतो हे गॉर्डन क्लिंगेनश्मिट यांनी पाहिलं. नौदलाचे हे चॅप्लिन येशूच्या नावाने प्रार्थना करण्यावरून नौदलाशी भांडत होते. मार्च २००६ मध्ये मनाईचा हुकूम असताना ते व्हाइट हाउससमोरच्या कार्यक्रमात गणवेशात उभे राहिले. कोर्ट मार्शल झालं, पुढच्या वर्षी नौदलातून बाहेर. २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या विधिमंडळात निवडून आले खरे, पण एकाच मुदतीपुरते. काहींना ते शूर वाटतात. मला विचाराल तर ज्या सैनिकांसाठी पाळक नेमला होता, ते या सगळ्यात कुठेच दिसले नाहीत.

तुमच्यासाठी आणखी एक अडसर: काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाला नागरिकत्वाची सात वर्षं लागतात, सिनेटला नऊ. राज्यांचे नियम वेगळे. आणि १९५४ पासून करमुक्त चर्चना उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने बंदी आहे. पाळक स्वतः उभा राहू शकतो, मंडळीची तिजोरी आणि पत्रक मात्र वापरता येत नाही. वसईकडचे कॅथलिक फादर असता तर हा प्रश्नच निकालात निघाला असता: जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर रॉबर्ट ड्रायनन दहा वर्षं काँग्रेसमध्ये होते, १९८० मध्ये पोपचा हुकूम आला आणि त्यांनी पुन्हा उभं राहणं सोडलं.

मी तुमच्या जागी असतो तर निवडणूक सध्या बाजूला ठेवली असती. आधी इथल्या इस्पितळात सी.पी.ई.चं, म्हणजे रुग्णांच्या आध्यात्मिक सेवेच्या प्रशिक्षणाचं, एक युनिट करा. चारशे तासांचं असतं. परधर्मीयाच्या खाटेपाशी बसून तुम्हाला बोलता येतं की नाही, हे त्यात उमगतं. आणि गणवेशाचीच ओढ असेल तर भारतीय सेनेतही धर्मगुरूंमध्ये पाद्रीची जागा असते. त्यासाठी दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपांच्या यादीत नाव हवं, ते तर तुमचं आहेच. अमेरिकेच्या वकिलाला फी देण्याआधी एकदा बिशपसाहेबांना भेटून या.