‘पॅलिम्प्सेस्ट’ : खरवडलेल्या पानाचा शब्द

‘हे शहर म्हणजे एक पॅलिम्प्सेस्ट आहे’ असे वाक्य एका परीक्षणात वाचून, या नामाचा नेमका अर्थ काय, त्याला इंग्रजीत समानार्थी शब्द आहेत का आणि मराठीत काय म्हणावे, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे.

शब्द मूळचा ग्रीक. ‘पालिन’ म्हणजे पुन्हा आणि ‘प्सेस्तोस’ म्हणजे घासलेले, खरवडलेले. म्हणजे व्युत्पत्तीत भर लिहिण्यावर नाही, खरवडण्यावर आहे, आणि माझ्या मते या शब्दाचा सगळा जीव तिथेच आहे. चर्मपत्र महाग असल्यामुळे जुना मजकूर धुऊन किंवा खरवडून त्यावर नवा लिहीत; पण शाई कातड्यात मुरलेली असल्याने आधीच्या ओळी पूर्णपणे जात नसत. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक प्रत तेराव्या शतकात अशीच खरवडली गेली. तिची पाने मधोमध कापून, आडवी फिरवून आणि दुमडून त्यांचे प्रार्थनापुस्तक केले गेले, त्यामुळे प्रार्थनेच्या ओळींना काटकोनात छेदत जाणाऱ्या भूमितीच्या फिकट तपकिरी ओळी आजही दिसतात. त्यांतला एक ग्रंथ ग्रीक भाषेत केवळ याच पानांमुळे टिकला आहे.

प्राचीन रोमचा वक्ता आणि लेखक सिसेरो याने एका पत्रात याच शब्दावरून मित्राची थट्टा केली आहे. मित्राने पॅलिम्प्सेस्टवर पत्र लिहिले होते. काटकसर स्तुत्य आहे, पण हे लिहिण्यासाठी खोडावे असे त्या पानावर होते तरी काय, माझी पत्रे तर नव्हेत ना, असे सिसेरो विचारतो. पुढे त्याच्याच राज्यशास्त्रावरील हरवलेल्या ग्रंथाचा मोठा भाग 1819 मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात तिथले ग्रंथपाल अँजेलो माई यांना सापडला, तो संत ऑगस्टीन यांच्या स्तोत्रभाष्याखाली खरवडलेल्या अवस्थेत.

लाक्षणिक वापरातही तीन गोष्टी जुळाव्या लागतात : आधी काही असणे, ते मुद्दाम वा कालौघात पुसले जाणे आणि पुसूनही त्याने नव्या थरातून डोकावणे. गॅनिमीड आणि कॅलिस्टो या गुरूच्या उपग्रहांवर बर्फ सरकून सपाट झालेल्या, केवळ वर्तुळाकार फिकट डागाच्या रूपाने उरलेल्या जुन्या आघातविवरांना (अवकाशातील दगड आदळून पडलेल्या खड्ड्यांना) शास्त्रज्ञ पॅलिम्प्सेस्ट म्हणतात, तो वापर मला अतिशय चोख वाटतो. याउलट जिथे निरनिराळ्या गोष्टी नुसत्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात तिथे हा शब्द वापरणे चूक आहे. तिथे ‘कोलाज’ पुरेसे आहे.

इंग्रजीत याला तंतोतंत समानार्थी शब्द नाही. हस्तलिखितांचे अभ्यासक लॅटिनमधील ‘कोडेक्स रेस्क्रिप्टस’ ही संज्ञा वापरतात, पण ती केवळ ग्रंथापुरती. ‘व्हेस्टिज’ म्हणजे उरलेली खूण. तिच्यावर नवे काही लिहिलेले असण्याची गरज नसते. सर्वांत जवळचा ‘पेंटिमेंटो’, म्हणजे चित्रकाराने रंगवून झाकलेली आधीची रेषा रंग पारदर्शक होत गेल्यावर पुन्हा दिसू लागणे. मात्र तिथे चित्रकार सहसा स्वतःचेच काम बदलत असतो, तर पॅलिम्प्सेस्टमध्ये बहुधा एकाचे पुसून दुसरा लिहितो. हा भेद लेखनात सांभाळावा.

मराठीत ‘पुनर्लिखित’ सुचवले जाते, परंतु त्यातून तोच मजकूर सुधारून पुन्हा लिहिल्याचा अर्थ निघतो आणि खरवडणे हरवते. मूळ वस्तूविषयी लिहिताना ‘खरवडून पुन्हा लिहिलेले चर्मपत्र’ असे एकदा फोडून सांगावे आणि पुढे ‘पॅलिम्प्सेस्ट’ हाच शब्द, हस्तलिखिताप्रमाणे नपुंसकलिंगी, वापरावा. लाक्षणिक वापरात मात्र नामाचा हट्ट सोडून क्रियापदावर भार द्यावा. विचारलेले वाक्य मी असे लिहीन : ‘या शहराने जुने पुसून वर नवे लिहिले आहे, पण पुसलेली अक्षरे अजून वाचता येतात.’