व्यायामाच्या आधी खावं की नंतर?

तुम्ही सकाळी सहाला पाऊण तास व्यायाम करता. एक मित्र म्हणतो उपाशी पोटी कर, चरबी जळते. दुसरा म्हणतो खाऊन जा, नाहीतर स्नायू झिजतील. कुणाचं ऐकावं, असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. बारा-तेरा वर्षं व्यायाम करतोय आणि हे दोन्ही सल्ले मनापासून पाळून झालेत, त्यामुळे प्रसादही दोन्हींचा मिळालाय.

आधी भरल्या पोटाचा. एका सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलो, दणकून नाश्ता केला आणि वीस मिनिटांत स्क्वॉट मारायला उभा राहिलो. तिसऱ्या सेटला खाली बसलो आणि वर येताना अंड्याची चव घशाशी आली. बार कसाबसा रॅकवर टेकवला आणि थेट बेसिन गाठलं. जेवल्यावर आतड्यांकडे जाणारं रक्त वाढतं. जोराचा व्यायाम सुरू झाला की स्नायू ते आपल्याकडे ओढतात आणि पचन रेंगाळतं. त्यात खाणं तेलकट असेल किंवा त्यात चोथा भरपूर असेल, तर ते जठरातून लवकर पुढेच सरकत नाही. तेव्हापासून माझा हिशेब असा: पोटभर जेवण झालं तर तीन-चार तास थांबायचं, हलकं खाणं असेल तर तास-दीड तास, आणि नुसतं केळं असेल तर अर्धा तास पुरतो. चालायला जायचं असेल तर यातलं काहीच पाळावं लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं तर उलट रक्तातली साखर कमी चढते.

आता दुसरी बाजू. चरबीच्या नादात महिनाभर उपाशी पोटी धावलो. रोज छान जायचं. एक दिवस चढावर वेग वाढवला आणि कान बंद झाले, डोळ्यांपुढे काजवे. रस्त्याच्या कडेला गुडघ्यांत डोकं घालून बसलो. आदल्या रात्री मी धड जेवलोच नव्हतो, हे तिथे बसल्यावर आठवलं. स्नायूंमध्ये साधारण 300 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं आणि यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. रात्रभरात उतरतो तो मुख्यतः यकृतातला साठा, कारण झोपेतही मेंदूला साखर पुरवायची असते. स्नायूंतला बराचसा जागेवर राहतो. म्हणून रात्री नीट जेवलेल्या निरोगी माणसाला पाऊण तासाचा मध्यम व्यायाम काही न खाता सहज निभतो. जड वजनं उचलायची असतील, वेगात पळायचं असेल किंवा तास-दीड तासाच्या पुढे जायचं असेल, तर मात्र आधी थोडं खाल्लेलं बरं.

चरबीचं म्हणाल तर तुमचा पहिला मित्र अर्धाच बरोबर आहे. उपाशी पोटी व्यायाम करताना चरबी जास्त वापरली जाते, पण ती तेवढ्या वेळापुरती. पुढे दिवसभरात फिट्टंफाट होते. 2014 साली 20 तरुण स्त्रियांवर झालेला एक अभ्यास आहे. दोन्ही गटांना कमी कॅलरीचा आहार, आठवड्यातून तीनदा तासभर कार्डिओ, फरक इतकाच की एक गट उपाशी पोटी आणि दुसरा खाऊन. चार आठवड्यांनी वजन दोघांचंही उतरलं आणि त्यात म्हणावा असा फरक नव्हता. अभ्यास लहान आहे, पण माझ्या वजनकाट्याचंही तेच म्हणणं पडलं.

व्यायामानंतरचं सांगतो. 'अर्ध्या तासात प्रोटीन घेतलं नाही तर सगळं वाया' हे ऐकून मी वर्षभर पार्किंगमध्ये उभा राहून शेकर हलवलाय. तशी काही गाडी सुटत नसते. वजनं उचलल्यावर स्नायूंची बांधणी 24 तास तरी वाढलेली राहते. दोन तासांत 20 ते 40 ग्रॅम प्रोटीन असलेलं नेहमीचं जेवण झालं तरी काम भागतं. तुम्ही उपाशी पोटी जाणार असाल तर एवढंच की आल्यावर फार ताटकळू नका, कारण शेवटचं जेवण काल रात्रीचं आहे. खरी घाई असते ती त्याच दिवशी काही तासांत पुन्हा खेळायला उतरणाऱ्याला. त्याने लगेच कर्बोदकं खावीत, कारण ग्लायकोजेन सुरुवातीच्या तासांत वेगाने भरतं.

एक मात्र गंमतीत घेऊ नका. तुम्हाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर वरचं 'उपाशी चालतं' तुमच्यासाठी नाही. आधी साखर मोजायची. ती 90 mg/dL च्या खाली असेल तर 15 ते 30 ग्रॅम कर्बोदकं घेऊनच सुरू करायचं, आणि डोसचं डॉक्टरांशी आधी बोलून ठेवायचं.

माझं सध्या असं चालतं: उठल्यावर पाणी, अर्धं केळं, मग व्यायाम. उरलेलं अर्धं परत आल्यावर. तोवर ते काळं पडलेलं असतं, पण खपतं.