निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघंच शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्यापर्यंत जाऊ शकतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर यंदा निवृत्त होतायत, शिडाची बोट चालवायला ते शिकून आलेत, आणि एखादी जुनी बोट घेऊन दर हिवाळ्यात तुम्हाला सोबत घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं त्यांच्या मनात आहे. तुम्ही सोलापूरच्या, पोहणं जेमतेम, समुद्राची ओळख गणपतीपुळ्यापुरती. दोघांनाच हे झेपेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

झेपेल. पण त्यात तो 'सोबत' शब्द आहे ना, तेवढा काढून टाका. बोटीवर दोनच माणसं असतील तर दोघांनाही ती एकट्याने बंदरात आणता आली पाहिजे. तुम्हाला ते येत नसेल तर जाऊ नका, आणि मिस्टरांनाही जाऊ देऊ नका. बाकी सगळं नंतर जमतं.

आम्हीही सोलापूरचेच. ह्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना होता, मी शाळेत भूगोल शिकवायचे. आता बरीच वर्षं आमचा हिवाळा समुद्रावर जातो. बोट अठ्ठावीस फुटी, फायबरची, जुनीच घेतलेली. पावसाळ्यात ती कोकणात एका खाडीकाठी जमिनीवर ओढून झाकून ठेवलेली असते.

आधी दोघांपैकी एक जण पाण्यात पडला तर काय, ते सांगते. आम्ही दर हंगामाच्या सुरुवातीला असोला नारळ पाण्यात टाकून सराव करतो. नारळ माणसाच्या डोक्याएवढा दिसतो आणि तसाच अर्धा बुडून तरंगतो. बोट 5 नॉटने, म्हणजे ताशी 5 सागरी मैलांनी (साधारण नऊ किलोमीटर) चालली असेल तर अर्ध्या मिनिटात ती सुमारे 75 मीटर पुढे गेलेली असते, आणि दुपारच्या लाटांत तेवढ्या अंतरावरचा नारळ दिसेनासा होतो. म्हणून पहिलं काम म्हणजे तरंगतं कडं फेकायचं आणि पाण्यातल्या माणसावरची नजर हलवायची नाही. मग जीपीएसवरचं बटण दाबून जागा नोंदवायची, बोट वाऱ्याच्या तोंडाला वळवायची, पाण्यात एकही दोर लोंबत नाही हे बघूनच इंजिन सुरू करायचं, आणि माणूस जवळ आला की इंजिन न्यूट्रलला. हे सगळं एकाच माणसाने करायचं, कारण दुसरा पाण्यात आहे. भिजलेला गडी हाताने वर ओढणं मला शक्य नाही. शीड वर चढवायचा जो दोर डोलकाठीवरून येतो, तोच ह्यांच्या जॅकेटच्या पट्ट्यात अडकवून मी विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या फिरकीने, त्यांना वर घेते. एकदा किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, त्यांना खरोखर पाण्यात उतरवून हे करून बघा. आत्मविश्वास येतो तो त्यानेच.

लाइफ जॅकेट दोघांच्या अंगावर कायम हवं. मे 2024 मध्ये आपल्या उजनीत कुगाव-कळाशीच्या मध्ये अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते तुम्हाला आठवत असेलच. ते तर धरणाचं पाणी.

आता वाऱ्याचं. वर्षानुवर्षं मी फळ्यावर बाण काढून मुलींना खारे वारे आणि मतलई वारे शिकवले. रात्री जमीन लवकर गार होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दुपारी जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो, तो खारा. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या किनाऱ्यावरचा सगळा प्रवास या दोन बाणांवरच चालतो. पहाटे फटफटताना नांगर उचलायचा. वारा पूर्वेकडून, सह्याद्रीच्या बाजूने येत असतो. त्यात चुलीच्या धुराचा आणि ओल्या पाल्याचा वास असतो, आणि वारा जमिनीकडचा म्हणून किनाऱ्यालगत लाट उठत नाही. बोट एका बाजूला किंचित कलून सरळ चालत राहते. नऊ-दहाच्या सुमाराला वारा मरतो, शिडं फडफडतात, तासभर इंजिनावर जावं लागतं. मग पश्चिमेला पाण्याचा रंग गडद होत येताना दिसतो. तो वायव्येचा वारा. दक्षिणेकडे जाताना तो मागच्या उजव्या अंगाने मिळतो, म्हणून जाण्याचा प्रवास सुखाचा होतो. तीनच्या आसपास लाटांवर पांढरं दिसू लागतं. तोवर आडोशाला पोचलेलं असावं, किंवा निदान आडोसा डोळ्यांसमोर असावा.

परत येताना तोच वायव्येचा वारा तोंडावर येतो. फेब्रुवारी संपत आला की त्याचा जोर वाढायला लागतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे येणं म्हणजे रोज दुपारी मार खाणं. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: नोव्हेंबरच्या शेवटी निघायचं, डिसेंबरात गोवा, बोट तिथे भरवशाच्या माणसाकडे सोपवून संक्रांतीला घरी. सिद्धेश्वराच्या जत्रेतला गड्डा आणि अक्षता सोहळा चुकवायचा नाही, हे ह्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. जत्रा झाली की परत जाऊन, सकाळच्या मतलईवर छोटे छोटे टप्पे करत बोट वर आणायची. ऑक्टोबरात निघू नका. अरबी समुद्रात मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर चक्रीवादळं होतात. 2019 चं क्यार ऑक्टोबरातलंच होतं. डिसेंबरही अगदी निर्धास्त नसतो, 2017 चं ओखी डिसेंबराच्या सुरुवातीला आपल्या किनाऱ्याजवळ आलं होतं. हवामान खात्याचा समुद्रासाठीचा इशारा रोज बघायचाच.

मुंबई ते गोवा समुद्राने सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास पडतं. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. नकाशावर अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि आपला किनारा बऱ्यापैकी उत्तर-दक्षिण असल्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की अंतराचा अंदाज येतो. साडेचार नॉटने दिवसाला तीस-पस्तीस मैल आरामात होतात. मुंबईहून जंजिऱ्याजवळची दिघी-राजपुरीची खाडी, तिथून हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला, मग जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, आणि शेवटी मांडवीच्या मुखाशी आग्वाद. वाटेत मन रमलं तर थांबायचं. घाई असणाऱ्याने कोकण रेल्वेने जावं.

या सगळ्यांत माझा जीव विजयदुर्गात आहे. वाघोटण खाडीच्या मुखाशी तिन्ही बाजूंनी पाणी असलेला किल्ला. त्याला वळसा घालून आत गेलं की वारा एकदम पडतो. मुखाशी वाळूची आडवी पट्टी नाही, त्यामुळे भरतीची वाट बघत बाहेर ताटकळावं लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावरचं उत्तम बंदर म्हणून ते फार जुन्या काळापासून नावाजलेलं आहे, आणि आंग्र्यांचं आरमार तिथेच का राहिलं हे आत नांगर टाकल्यावर पाच मिनिटांत पटतं. दाभोळचं याच्या उलट. वाशिष्ठीच्या मुखावर वाळू आहे. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून दुपारची लाट आली की तिथे पाणी फुटतं. दाभोळला जायचंच तर चढत्या भरतीला आणि सकाळी. मालवणला किनाऱ्याजवळ खडक फार, काही पाण्याखालीच. पहिल्यांदा जाताना एखाद्या मच्छीमाराला विनंती करा, तो पुढे होऊन वाट दाखवतो.

भरती-ओहोटी आपल्याकडच्या माणसाला नवीन असते, म्हणून एक हिशेब देते. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या बाजूची पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, पहाटेही आणि संध्याकाळीही. दक्षिणेला ती थोडी आधी येते. अंदाजाला हे पुरे. खाडीत शिरताना मात्र छापील तक्ताच बघायचा. मुंबई-रायगडकडे उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी 4 मीटरच्या वर चढतं-उतरतं, गोव्यात तेच 2 मीटरच्या आसपास. याचा नांगराशी थेट संबंध आहे. ओहोटीला 3 मीटर पाण्यात नांगर टाकून झोपलात तर भरतीला तिथे 7 मीटर पाणी असतं. बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची धरून 8 झाले. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे 40 मीटर साखळी सोडलेली हवी. तीनाच्या हिशेबाने सोडली, तर रात्री भरतीत नांगर उचलला जाऊन बोट चालू लागते.

रात्रीचा प्रवास आम्ही करत नाही. मतलई रात्री छान असतो आणि सरावलेले लोक तेव्हाच अंतर काटतात, हे खरं. पण जाळ्यांवर दिवे नसतात. रायगडच्या पट्ट्यात डोल जाळी प्रवाहात रोवलेली असतात, त्याच्या दक्षिणेला तरंगती जाळी मैल-मैल पसरलेली. एक बोया, म्हणजे जाळ्याच्या खुणेचा तरंगता गोळा, दिसला की त्याचा जोडीदार शोधायचा, आणि दोघांच्या मधून कधीही जायचं नाही. जवळ होडी असेल तर हात करून विचारायचं. जाळ्याचं टोक कुठे आहे ते कोळी लांबूनच हाताने दाखवतात. दोर इंजिनाच्या पंख्यात गेलाच तर इंजिन त्याच क्षणी न्यूट्रलला आणि शिडावर आडोशाला. उघड्या समुद्रात, लाटा असताना, बोटीखाली शिरायचं नाही. ज्यांचं जाळं कापायची वेळ येते त्यांचं ते दिवसाचं नव्हे, महिन्याचं नुकसान असतं, हेही लक्षात ठेवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हंगामाचे जे दिवस मिळतात ते त्यांच्या पोटाचे आहेत. वाट त्यांची, आपण पाहुणे.

कागदपत्रं नीट ठेवा: बोटीची नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं, सगळं मूळ प्रतींत, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. 26 नोव्हेंबर 2008 नंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आम्ही प्रत्येक मुक्कामी बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांना स्वतःहून कळवतो. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी सुरक्षेचा 1093 हे दोन्ही नंबर सुकाणूजवळ चिकटवून ठेवा. व्हीएचएफ रेडिओवर (बोटीवरच्या बिनतारी संचावर) 16 नंबरचं चॅनेल दिवसभर चालू हवं, आणि त्यावर बोलायचं कसं तेही दोघांनी शिकून घ्यायचं.

शिडाच्या कापडाबद्दल ह्यांनी आवर्जून लिहायला सांगितलंय. शीड पॉलिएस्टरचं असतं, आणि जुनी बोट बघायला गेलात की लोक कापडावरून हात फिरवतात. हात कापडावर नाही, शिवणीवर फिरवा. उन्हाने कापडाच्या आधी दोरा मरतो. अंगठ्याचं नख शिवणीवरून जोरात ओढायचं. टाके पटापट तुटले तर सगळ्या शिवणी पुन्हा घालून घ्याव्या लागतील, आणि ते किमतीत धरायचं. बोट उभी असताना शीड कधीही उघडं ठेवू नका.

स्वयंपाकाची काळजी सोलापूरच्या बाईने करू नये. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्याइतकं बोटीला सोयीचं अन्न मला अजून सापडलेलं नाही. चूल पेटवता येत नाही इतकी बोट हलत असते तेव्हा भाकरीचा तुकडा, चटणी, वर थोडं तेल, एवढ्यावर दुपार निघते. खाऱ्या हवेत भाकरी सादळते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि नांगर टाकल्यावर तव्यावर गरम करून घ्यायची. गोडं पाणी माणशी पाच लिटर रोजचं, पिणं आणि स्वयंपाक मिळून. पाणी भरून ठेवून पुरवून वापरायची सवय आपल्या गावाने लावलेलीच आहे.

मळमळ होईल. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना होते. डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या आधीच घ्यायची, नजर क्षितिजावर ठेवायची, आणि हातात सुकाणू घ्यायचं. सुकाणूवर बसलेल्याला त्रास कमी होतो. तुम्ही शिकावं म्हणून मी एवढा आग्रह धरतेय, त्याचं हेही एक कारण.

पोहणं वाढवा, आत्तापासून, रोज. मग दोघांनी मिळून मुंबईत किंवा गोव्यात शिडाचं शिक्षण घ्या. मिस्टरांचं झालेलं असलं तरी त्यांनी पुन्हा तुमच्यासोबत घ्यावं, आणि शिकवणाऱ्याला सांगावं की सुकाणू निम्मा वेळ बाईंकडे राहू द्या. नाहीतर काय होतं, तर नवरा सुकाणूवर आणि बायकोच्या हातात चहा. बोट विकत घेण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर काढता आला तर फारच चांगलं.

पहिल्या वर्षी गोवा डोक्यातून काढा. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग एवढंच करा, डिसेंबरात, आठवडाभर हाताशी ठेवून. रत्नागिरीला आपल्याकडून सरळ हमरस्ता आहे, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट. सकाळी निघालात तर संध्याकाळी समुद्रावर. जाताना सुकाणू मिस्टरांकडे, येताना तुमच्याकडे. बोट कोणती बघताय आणि तिचं इंजिन आतलं आहे की मागे टांगलेलं, ते कळवा. त्यावर ह्यांना विचारून वेगळं लिहिते.