कंपनीने पक्षाला दिलेला पैसा आणि आपली खरेदी

प्रश्न : एका खाद्यपदार्थ कंपनीने एका पक्षाला कोट्यवधी रुपये दिले, तिचा माल घेऊ नका, असा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आहे. मलाही ही देणगी पटलेली नाही. पण ती खरोखर दिली गेली का, हे कुठे पाहायचे? (वाचक, ऐरोली)

सुरुवात पाकिटापासून करा. पुढच्या बाजूचा ब्रँड सोडा, मागे बारीक अक्षरांत उत्पादक, पॅकर किंवा विक्री करणाऱ्याचे नाव-पत्ता असतो, तो कायद्याने छापावाच लागतो. तिथले पूर्ण नाव जसेच्या तसे उतरवून घ्या, 'प्रायव्हेट लिमिटेड' की 'लिमिटेड' यासकट. एकाच घराण्यातल्या भावांच्या दोन कंपन्या सारख्याच नावाने चालतात आणि त्यांतली एकच देणगी देते, असेही असू शकते.

मग निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जा. 20,000 रुपयांहून मोठ्या प्रत्येक देणगीदाराचे नाव पक्षाला दरवर्षी आयोगाला कळवावे लागते. हे अहवाल तिथे पीडीएफमध्ये असतात. बरेचसे स्कॅन केलेले असल्यामुळे नाव टाकून शोधले की काहीच सापडत नाही आणि 'देणगी नाहीच' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पाने डोळ्यांनी वाचावी लागतात.

निवडणूक रोख्यांची, म्हणजे स्टेट बँकेकडून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देता येणाऱ्या रोख्यांची, यादी वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्च 2024 मध्ये स्टेट बँकेची माहिती खुली झाली. ती 12 एप्रिल 2019 पासूनच्या रोख्यांची आहे. योजना 2018 मध्येच सुरू झाली होती, म्हणजे पहिल्या वर्षभराची खरेदी या यादीत नाही. 21 मार्चला आलेल्या यादीत रोख्यांचे क्रमांक आहेत. खरेदीच्या यादीतला क्रमांक पक्षांच्या यादीत शोधला की पैसा कोणाकडे गेला ते कळते. मात्र खरेदीदाराचे फक्त नाव आहे, पत्ता नाही. 'हब पॉवर कंपनी' हे नाव दिसताच त्याच नावाच्या पाकिस्तानी कंपनीने पैसे दिल्याची हाकाटी झाली होती. आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असे त्या कंपनीला जाहीर करावे लागले. नावावरून निष्कर्ष काढणे इतके धोक्याचे आहे.

तिसरी जागा म्हणजे कंपनीचा वार्षिक अहवाल. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर तो फुकट मिळतो. नफा-तोटा पत्रकाच्या टिपांमध्ये 'इतर खर्च' या शीर्षकाखाली राजकीय देणगी शोधा. कंपनी कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना पक्षाचे नाव न देता फक्त एकूण रक्कम दाखवायची मुभा होती, म्हणून त्या काळातल्या अहवालांत पक्ष सापडणार नाही. ती दुरुस्तीही न्यायालयाने त्याच निकालात रद्द केली. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जुनी मर्यादाही त्याच निकालामुळे परत आली.

खरी गुंतागुंत इलेक्टोरल ट्रस्टमध्ये आहे. अनेक कंपन्या ट्रस्टला पैसे देतात आणि ट्रस्ट ते पक्षांना वाटतो. वर्षभरात जमलेल्या पैशांपैकी किमान 95 टक्के रक्कम त्याला वाटावीच लागते. ट्रस्टच्या अहवालात देणाऱ्यांची एक यादी असते, घेणाऱ्यांची दुसरी. अमुक कंपनीचा रुपया अमुक पक्षाला गेला, हे त्यातून सिद्ध होत नाही. अशा वेळी 'कंपनीने या ट्रस्टला इतके दिले, ट्रस्टने या पक्षाला इतके दिले' एवढेच लिहा. त्यापलीकडचे एक वाक्यही तुमचा मुद्दा मोडून टाकते. आणि त्याच कंपनीने इतर पक्षांनाही पैसे दिले असतील, तर तेही लिहा. ते लपवणारा संदेश पुढे पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पुरावा हाती आहे. नौपाड्यात त्या कंपनीचे दुकान आहे. तिथे फलक घेऊन उभे राहावे का? (वाचक, ठाणे)

आधी ते दुकान कोणाचे आहे ते पाहा. बिलावर दुकानदाराचे नाव आणि जीएसटी क्रमांक असतो. फ्रँचायझी असेल तर भाडे, कामगारांचे पगार, उरलेला माल हे सगळे स्थानिक माणसाच्या डोक्यावर असते. देणगीचा निर्णय कंपनीच्या संचालक मंडळाच्या ठरावाने होतो, त्यात या माणसाला कोणी विचारलेले नसते. रोष दुकानावर काढला तर फटका त्याला बसतो आणि मुख्य कार्यालयापर्यंत काहीच पोहोचत नाही.

शिवाय ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात. पाच किंवा अधिक लोक विनापरवानगी जमले की गुन्हा होऊ शकतो. त्यामुळे पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करूनच काय ते करा. फलकावर कागदपत्रात आहे तेवढेच असावे. 'चोर', 'लाचखोर' असे शब्द आले की मानहानीची तक्रार ओढवते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

परिणाम हवा असेल तर पत्र लिहा. गुपचूप खरेदी थांबवली तर कंपनीला ते मंदीसारखे दिसते, कारण कळत नाही. कंपनी सचिवाच्या नावाने, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा आणि ईमेलही पाठवा. महिन्याला साधारण किती रुपयांचा माल घेत होता, कोणत्या वर्षीच्या कोणत्या देणगीमुळे थांबलात आणि काय केल्यास परत घ्याल, हे तिन्ही पत्रात हवे. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मग बहिष्कार संपायचा कधी हे कोणालाच कळत नाही. एखादा शेअर असेल तर वार्षिक सभेत बोलण्यासाठी मुदतीत नाव नोंदवून हाच प्रश्न विचारता येतो.

प्रश्न : त्या उद्योगसमूहाचा माल आणि सेवा सोसायटीत बंद करा, असा ठराव सभासद मागत आहेत. सचिव म्हणून मी काय करावे? (सचिव, खारघर)

सोसायटी स्वतःच्या पैशातून काय घेते, एवढेच सभेच्या हातात आहे. सभासदाने घरी कोणते दूध, कोणता साबण आणावा किंवा कोणाच्या डिलिव्हरीवाल्याला फाटकातून सोडावे, हे सभा ठरवू शकत नाही. विषय कार्यक्रमपत्रिकेवर आधी घ्या. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभारासाठी घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार, वार्षिक सभेला पूर्ण 14 दिवसांची, विशेष सभेला 5 दिवसांची सूचना लागते. आयत्या वेळच्या विषयांत असा ठराव घुसवलात तर तो टिकणार नाही.

ठरावाआधी करार वाचा, विशेषतः लिफ्टचा. देखभालीचे पैसे बहुधा वर्षाचे आगाऊ भरलेले असतात. करार मध्येच मोडला तर परतावा किती मिळेल आणि नोटीस किती दिवसांची, हे पाहा. काही कंपन्यांच्या लिफ्टचे कंट्रोलर कार्ड (लिफ्ट चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड) बाहेरच्या मेकॅनिकला मिळत नाही. कार्ड गेले की लिफ्ट बंद पडते आणि सातव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांचे हाल होतात. म्हणून नवा ठेकेदार सुटे भाग देईल, हे लेखी घ्या आणि जुना करार संपेल तेव्हाच बदल करा.

आणखी एक इशारा. त्याच उद्योगात काम करणाऱ्या किंवा त्याची एजन्सी असणाऱ्या सभासदाशी बोलू नका, त्याला सणाला बोलावू नका, असे सूर निघाले तर सचिवाने तिथेच थांबवावे. खरेदी न करणे हा आपला हक्क आहे. माणसाला वाळीत टाकणे हा अन्याय आहे. जात किंवा समाज म्हणून कोणी तसे केले, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या 2016 च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रश्न : याच कारणासाठी मोबाईल कंपनी बदलायची आहे. नंबर राहील ना? (वाचक, घणसोली)

राहील. इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवा. आलेला आठ अक्षरी कोड नव्या कंपनीला द्यायचा असतो, तो चार दिवसच चालतो. आताच्या कंपनीकडे 90 दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर थकबाकी नको, आणि सिम नुकतेच बदलले असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. वर्षाचा रिचार्ज नुकताच केला असेल तर तो संपेपर्यंत थांबा, उरलेल्या दिवसांचे पैसे जुन्या कंपनीकडेच राहतात. कारण मात्र तिला ईमेलने आजच कळवा.