वाचकांचे प्रश्न : चौघे मित्र, कॅम्पर व्हॅन आणि समुद्रकिनारा

प्रश्न : आम्ही चौघे जुने मित्र येत्या वसंतात कॅम्पर व्हॅन घेऊन दहा दिवस समुद्रकिनाऱ्याने निघणार आहोत. आखलेला मार्ग जाऊन-येऊन सुमारे १२०० किलोमीटर भरतो. दोघांना जास्तीत जास्त किनारा पाहायचा आहे, दोघांना निवांतपणा हवा आहे आणि त्यावरून आत्ताच कुरबुर सुरू झाली आहे. रोज किती अंतर कापावे? समुद्राजवळ मुक्काम करताना काय सांभाळावे?

उत्तर : अंतर निम्म्यावर आणा, असे मी मनापासून सुचवेन. रोज १२० किलोमीटर हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण किनाऱ्याचा रस्ता खाड्यांना वळसे घालत, चढ-उतार घेत जातो, आणि अवजड व्हॅनला तेवढ्यासाठी तीन तास सहज लागतात. शिवाय गाडी हलवायची म्हणजे बिछाने गुंडाळणे, भांडी बांधणे, कप्पे लावणे, पाणी भरणे आणि संध्याकाळी हेच सारे उलट क्रमाने करणे आले. ६०० किलोमीटरचाच बेत केला, आणि चार ठिकाणी दोन-दोन रात्री व एका ठिकाणी एक रात्र राहिलात, तर सहा दिवस प्रत्येकी १०० किलोमीटर प्रवास होईल आणि उरलेले चार दिवस गाडी जागची हलवावी लागणार नाही. त्या चार दिवसांत किनारा पाहणाऱ्या दोघांनी ओहोटीच्या वेळी पायी निघावे. खडकांतली डबकी आणि उघडी पडलेली पुळण गाडीच्या काचेतून कधीच दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या वाट्याला कमी नव्हे, जास्तच किनारा येईल.

दिवसाचा क्रम घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर बसवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून आज सकाळी दहाला असलेली ओहोटी उद्या पावणेअकराच्या पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, आणि वसंतात दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास ही उधाणे वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणांपैकी असतात. तुमचा प्रवास नेमका याच दिवसांत येत असेल, तर गाडी कुठे उभी करायची याचा विचार पहिल्या संध्याकाळपासूनच करावा लागेल.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. एकदा तिन्हीसांजेला आम्ही ओहोटीच्या वेळी पोहोचलो आणि कोरडी, घट्ट दिसणारी वाळू पाहून तिथेच व्हॅन लावली. मध्यरात्री खालून पाण्याची चुळचुळ ऐकू आली, दार उघडले तर पायरीला लाट लागत होती आणि मागची चाके निम्मी रुतली होती. टायरमधली हवा थोडी कमी करून, चाकांखाली पायपुसणी घालून आम्ही कशीबशी गाडी वर काढली. सकाळी पाहिले, तर आदल्या दिवशी न दिसलेली खूण समोरच होती. किनाऱ्यावर शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याच्या दोन रेघा असतात : खालची ओली रेघ शेवटच्या भरतीची, आणि बरीच वर असलेली, वाळून काळी पडलेली रेघ मागच्या उधाणाची. गाडी नेहमी वरच्या रेघेच्याही पलीकडे, वाळू सोडून टणक जमिनीवर लावावी. वाळूच्या टेकड्यांवरही ती नेऊ नये, कारण तिथले गवत चाकांखाली मेले की वाळू धरून ठेवणारे काहीच उरत नाही, आणि वसंतात अनेक किनारपक्षी उघड्यावरच अंडी घालतात.

वसंतात जमीन दुपारी लवकर तापते, समुद्र मात्र अजून गार असतो, म्हणून दुपारी खारे वारे जोरात वाहतात. गाडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवले, तर ती कमी हलते. रात्री गारवा वाढतो आणि सगळ्या खिडक्या घट्ट लावण्याचा मोह होतो, तो टाळा. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभरात जवळपास पेलाभर पाणी हवेत मिसळते. चौघांचे ते पाणी थंड काचांवर जमून पहाटे थेंबाथेंबाने उशांवर गळते. म्हणून छताचा झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी असू द्या. ऊब मिळावी म्हणून शेगडी तर कधीही पेटती ठेवू नका : तिच्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत तो जीव घेतो. त्याची सूचना देणारा अलार्म गाडीत असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट : रोज प्रत्येकाला तासभर एकट्याने फिरू द्या. इतक्या लहान जागेत जुन्या मैत्रीलाही थोडी मोकळी हवा लागते.

प्रश्न : किनाऱ्यावरून परतल्यावर व्हॅनची वेगळी देखभाल लागते का?

उत्तर : लागते, आणि ती त्याच आठवड्यात करावी. हवेतले मीठ तळाच्या सांध्यांत बसते, ओल धरून ठेवते आणि गंज वेगाने वाढतो. गोड्या पाण्याने वरून धुण्याइतकेच खालून, विशेषतः चाकांच्या कमानींच्या आतून, सावकाश धुवावे. दारांच्या बिजागऱ्यांत व सरकपट्ट्यांत अडकलेली वाळू ब्रशने काढून नंतरच तेल द्यावे. वाळूवर तेल पडले, तर ती घासून धातू झिजवते.